परदेशातल्या बालगृहांना देणगी देता? जाब विचारताना या चुका टाळा

मागच्या महिन्यात पुन्हा तोच फोन. “ताई, आम्ही ज्या चॅरिटीला दरमहा पैसे देतो ना, तिच्या भारतातल्या बालगृहाबद्दल काहीतरी कानावर आलंय. फेसबुकवर टाकू का?”

टाकू नका. ज्याच्याबद्दल ऐकलंय तो सगळ्यांत आधी सावध होईल आणि मुलं त्याच्याच ताब्यात राहतील.

ब्रिटनमधल्या एका मराठी मंडळाच्या देणगी समितीवर मी चौदा वर्षं आहे, आणि तितकीच वर्षं त्याच त्या चुका बघते आहे. इथे गणपतीत, दिवाळीत गोळा झालेला पैसा मराठवाड्यातल्या, काठमांडूतल्या, केनियातल्या मुलांच्या नावाने जातो. पावती आली की सगळे हात झटकून मोकळे.

पॉलिसी आली, म्हणजे झालं

ही माझी सर्वांत नावडती चूक. काही वर्षांपूर्वी एका चॅरिटीकडे मी बालसंरक्षणाचं धोरण मागितलं. दोन दिवसांत बावीस पानी पीडीएफ हजर, मुखपृष्ठावर हसरी मुलं. समितीतले एक काका खूश: “बघा, पाठवलं की नाही? तुम्ही उगाच खुसपट काढता.”

मला अशा फायली शेवटच्या पानापासून वाचायची सवय आहे. शेवटच्या पानावर, मुलांनी तक्रार करण्यासाठी दिलेला नंबर होता ०८०० ११११. हा ब्रिटनच्या चाइल्डलाइनचा, म्हणजे तिथल्या मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर! मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जिथे फोन करायचा तर अधीक्षकांच्या टेबलासमोर उभं राहून, तिथल्या नऊ वर्षांच्या पोराने हा नंबर फिरवायचा. आणि बोलायचं इंग्रजीत. भारतातला नंबर १०९८ आहे, तो बावीस पानांत कुठेच नव्हता. सातव्या पानावर भलत्याच संस्थेचं नाव पुसायचं राहून गेलं होतं.

काका म्हणाले, टायपिंगची चूक असेल. मी चॅरिटीला एका ओळीची मेल टाकली: तुमच्या बालगृहात मुलाची तक्रार नेमकं कोण ऐकतं? उत्तराला अकरा आठवडे लागले. ऐकणाऱ्या होत्या अधीक्षकांच्या पत्नी. म्हणजे तक्रार अधीक्षकांविरुद्ध असली तर ती थेट त्यांच्याच स्वयंपाकघरात पोचणार.

तेव्हापासून मी धोरण मागतच नाही. विचारते, शेवटची तक्रार कधी आली आणि तुम्ही काय केलंत? मुलाचं नाव नको, फक्त काय केलंत ते सांगा. “आमच्याकडे एकही तक्रार नाही” असं उत्तर आलं की मी पाठपुरावा दुप्पट करते. चाळीस मुलांच्या घरात वर्षभरात डाळ पातळ आहे असंसुद्धा कोणी म्हणालं नाही?

कागद आहे, पण कशाचा?

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, ८०-जी (देणगीवरची करसवलत), एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची परवानगी) हे सगळे संस्थेचे आणि पैशाचे कागद. मुलं ठेवायची परवानगी वेगळी असते: बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ४१ खालची नोंदणी. ती नसताना बालगृह चालवणं कलम ४२ प्रमाणे गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. “आमचं बालगृह नाही हो, वसतिगृह आहे” हे ऐकलं की कान टवकारा. आईबापांनी शाळेसाठी ठेवलेली मुलं असतील तर ठीक. पण देणगीच्या पत्रकात तीच मुलं “अनाथ” असतील, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे. मूल कुठे ठेवायचं हे ठरवणारी सरकारी समिती म्हणजे बाल कल्याण समिती. प्रत्येक मुलाबाबत तिचा आदेश आहे का, हेही विचारा. हो किंवा नाही, एवढंच उत्तर पुरे.

आणि “अनाथ” या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नेपाळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं काठमांडूत आणली, खोटे कागद करून त्यांना अनाथ बनवलं. पालक गावी जिवंत होते. यंदा किती मुलं घरी परत गेली, हा प्रश्न मी दरवर्षी विचारते. आकडा वर्षानुवर्षं शून्य असेल तर ते घर मुलांसाठी चाललंय की देणगीदारांसाठी, हे मला कळत नाही.

“आम्ही स्वतः भेट देऊन आलो”

ही चूक माझीही. पहिल्या भेटीत मुलं धावत येऊन बिलगली, एक चिमुरडी मांडीवरून उतरेना. मी परत येऊन समितीत सांगितलं, किती प्रेमाने वाढवलंय! घरातलं लहान मूल अनोळखी बाईला बघून आईच्या पदरामागे लपतं, हे मला, दोन पोरांच्या आईला, तेव्हा सुचलं नाही. कळवून दिलेल्या भेटीत दिसतं ते सगळं मांडून ठेवलेलं. आता गेलेच तर मुलांशी खेळत नाही. रात्रपाळीला कोण असतं आणि ते कुठे झोपतं, एवढं विचारून येते. फोटोही काढत नाही. तो छापून मुलाची ओळख उघड करणं त्याच बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हाच आहे.

स्वतःच चौकशी करायला जाणं

व्हिडिओ कॉलवर मुलाला “तुला कोणी काही केलं का, बाळा?” असं विचारणारे उत्साही लोक मी पाहिलेत. कृपा करा. मागे दाराशी कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नाही. शंका असेल तर १०९८ किंवा पोलीस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात कळवणं बंधनकारकच आहे.

इथल्या चॅरिटीबद्दल चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे चॅरिटींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे जाता येतं, पण गुन्ह्याचा तपास ते करत नाहीत. विश्वस्तांनी काय केलं, हे ते बघतात. पंचवीस हजार पौंडांहून जास्त उत्पन्न असलेल्या चॅरिटीला दरवर्षी लिहून द्यावं लागतं की एकही गंभीर घटना कळवायची राहिलेली नाही. विश्वस्तांना लिहिताना या वाक्याची आठवण करून द्या. “कारभार स्थानिक भागीदार बघतात” हे गुळगुळीत उत्तर तिथे चालत नाही. परदेशात घडलं म्हणून इथे काही होत नाही, हाही गैरसमज. केनियात गिलगिलमधल्या रस्त्यावरच्या मुलांवर अत्याचार करणाऱ्या सायमन हॅरिसला २०१५ साली शिक्षा झाली ती इंग्लंडमधल्या कोर्टात.

तारखा न लिहिणं. मुंबईत कुलाब्याच्या अँकरेज शेल्टर्स या बालगृहातल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण आठवा. आरोपी डंकन ग्रँट आणि अॅलन वॉटर्स, दोघे ब्रिटिश. तक्रार २००१ची. २००६ साली सत्र न्यायालयाने दोषी ठरवलं, २००८ साली उच्च न्यायालयाने सोडलं, २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोषी ठरवलं. दहा वर्षं! इतक्या काळात “बहुधा दिवाळीच्या आसपास कोणीतरी म्हणालं होतं” याला काय किंमत? ऐकलं त्याच रात्री वहीत लिहा: कोण, कधी, कुठल्या शब्दांत.

रागाच्या भरात पैसे बंद करणं. सोमवारी पैसे थांबतात, मंगळवारी किराणा थांबतो आणि आठवड्यात मुलं कुठे हलवली ते कोणालाच ठाऊक नसतं. आधी बाल कल्याण समितीला कळवा, मग पैशाचं बघा.

त्या बावीस पानी चॅरिटीने पुढे पीडीएफ सुधारली. १०९८चा फलक लावल्याचा फोटोही पाठवला. फलक अधीक्षकांच्या केबिनमध्ये आहे, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे. माझी पाचवी मेल गेली आहे.