आधी रजिस्टर मोजा, मग सिनॉप्सिस लिहा : नोकरी सांभाळून ऑक्युपेशनल थेरपीत (ओटीत) पीएचडी

लकव्यातून उठलेल्या एका पेशंटबाईंनी पेगबोर्डच्या (हाताच्या सरावाची भोकांची फळी) सगळ्या खुंट्या बसवल्या. मी घड्याळ थांबवलं आणि खूश होऊन कागदावर वेळ लिहिली. त्या म्हणाल्या, "ताई, खुंट्या लागतात हो. निऱ्या काही लागत नाहीत."

माझ्या पीएचडीचा विषय तिथेच मिळाला. पण तो विषय आहे हे कळायला मला आणखी दीड वर्ष लागलं. तोवर मी परदेशी जर्नलं चाळून 'काहीतरी नवीन' शोधत बसले होते.

हे लिहितेय ते एमओटी (ओटीतली, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या उपचारातली मास्टर्स) करून हॉस्पिटलात किंवा स्वतःच्या क्लिनिकात काम करणाऱ्या आणि आता पुढे काय, या विचारात असलेल्यांसाठी. आधी एक घोळ मिटवू. अमेरिकेतल्या मैत्रिणी 'ओटीडी' करतात, ती क्लिनिकल डॉक्टरेट. तिथे 2017 मध्ये ठरलं होतं की 2027 पासून व्यवसायात शिरायलाच ती लागेल. पुढे तो निर्णय मागे पडला आणि मास्टर्सचा रस्ता खुला राहिला. पीएचडी हा वेगळा प्रकार आहे, त्यात उपचार शिकत नाही, एका प्रश्नाचा पिच्छा पुरवतो. नावापुढे 'डॉक्टर' लागावं म्हणून करणार असाल तर राहू द्या. ओपीडीतले पेशंट तसंही डॉक्टरच म्हणतात, आणि ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर समजणारे नातेवाईक पीएचडीनंतरही तेच समजतात.

नियमांचं थोडक्यात. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे मास्टर्सला 55 टक्के लागतात आणि प्रवेशपरीक्षा किंवा मुलाखतीतून जावं लागतं. किमान तीन वर्षं, कमाल सहा. बायकांना वर दोन वर्षांची सवलत आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी एकूण 240 दिवसांपर्यंत रजा. नोकरी करत पार्टटाइम करता येते, पण नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं. आपल्याकडे बहुतेकांची गाठ नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी पडते. त्यांचं चालू वर्षाचं परिपत्रक स्वतः वाचा, सीनियरने सांगितलेल्या नियमांवर जाऊ नका. माझं रजिस्ट्रेशन 2018 चं, त्यामुळे माझ्या वेळचे नियमही तुम्हाला उपयोगाचे नाहीत.

गाइड शोधताना मात्र एक गोष्ट बघाच : त्यांच्या निवृत्तीला किती वर्षं आहेत? तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायककडे चार, एवढीच मर्यादा. ओटीत मान्यताप्राप्त गाइड आधीच मोजके, त्यामुळे जागा रिकामी होण्याची वाट बघणं हाही प्रवेशाचा भाग समजा. मी सात महिने थांबले.

आता मुख्य मुद्दा, जो मला कुणीच सांगितला नव्हता.

मी पहिल्या सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) बिनधास्त लिहिलं होतं : 80 पेशंट, एका वर्षात. आमच्या ओपीडीत लकव्याचे पेशंट इतके येतात की दुपारपर्यंत बाकावर जागा नसते. गाइडबाईंनी कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "रजिस्टर काढ आणि मोज." मी एका रविवारी मागच्या वर्षाची दोन जाड रजिस्टरं घेऊन बसले. नवे लकव्याचे पेशंट 214. त्यातले झटक्याला तीन महिने ते एक वर्ष झालेले, 97. सूचना समजून उत्तर देऊ शकणारे, 68. मनगट थोडं तरी वर उचलणारे, 37. आणि पहिल्या भेटीनंतर निदान दोनदा परत आलेले? 22.

गर्दी बघून आपण फसतो. बाकावर बसलेले सगळे आपल्या अभ्यासात बसत नाहीत. त्या संध्याकाळी मी सॅम्पल 60 वर आणलं, दुसऱ्या एका हॉस्पिटलची ओपीडी जोडून घेतली (म्हणजे दुसऱ्या एथिक्स कमिटीच्या वाऱ्याही आल्या) आणि एका वर्षाऐवजी अडीच वर्षं धरली. तुम्ही सिनॉप्सिसचा पहिला शब्द लिहिण्याआधी हे करा. विषय कितीही सुंदर असो, तुमच्या दारात ते पेशंट येत नसतील तर तो विषय दुसऱ्या कुणाचा आहे.

दुसरं वर्ष मोजमापाच्या साधनात गेलं. हाताची हालचाल मोजायला फुगल-मायर ही चाचणी होती, हाताच्या भागाचे 66 गुण, त्यात अडचण नव्हती. पण निऱ्या लागतात की नाही हे त्या 66 मध्ये कुठेच नाही. म्हणून कॅनडातलं सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर) हे स्केल घेतलं. त्यात पेशंटच सांगतो की कुठलं काम त्याला महत्त्वाचं वाटतं, आणि ते किती जमतं, किती समाधान आहे, याला एक ते दहा गुण देतो. दोन गुणांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा. हे स्केल विकत घ्यावं लागतं, भाषांतराला परवानगी लागते. परवानगीचा ईमेल आज पाठवला तर उत्तर उद्या येईल असं धरू नका.

भाषांतर करताना कस लागला. 'प्रॉडक्टिव्हिटी'ला आम्ही 'काम' लिहिलं. पहिल्याच बाई म्हणाल्या, "मी काम नाही करत, घरीच असते." या बाई पहाटे पाचला उठून सहा माणसांचे डबे करत होत्या. मग 'घरचं-बाहेरचं काम' असं केलं. 'लीझर'ला (leisure) 'विरंगुळा' लिहिलं तर लोक टीव्ही एवढंच सांगायचे. 'फावल्या वेळात काय करता' विचारलं तर एका मावशींनी मलाच विचारलं, "फावला वेळ कुठला?" शेवटी 'काय करताना बरं वाटतं' हा प्रश्न चालला. त्याच मावशी म्हणाल्या, "दुपारी दारात बसून तांदूळ निवडायला." तांदूळ निवडणं हे घरकाम की विरंगुळा, यावर माझी आणि गाइडबाईंची अर्धा तास चर्चा झाली. मला विचाराल तर सगळ्या थिसिसमधला सर्वात आवडता अर्धा तास तो.

साहित्याचा आढावा लिहिताना कमला निंबकरांबद्दल वाचलं. जन्माने अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झालेल्या या बाईंनी 1950 मध्ये मुंबईत केईएममध्ये देशातलं पहिलं ओटी स्कूल सुरू केलं. इतकी वर्षं झाली, आणि आपण अजून जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाला खुर्चीतल्या माणसासाठी बनवलेल्या चाचण्या देतो. ही तक्रार मी थिसिसमध्ये जरा सभ्य भाषेत लिहिली आहे.

एथिक्सबद्दल दोन गोष्टी. उपचार-चाचणी असेल तर सीटीआरआयवर (अशा चाचण्यांच्या देशातल्या नोंदवहीत) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी व्हायला हवी. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून केलेली नोंदणी ते घेतच नाहीत. मी नोंदणी क्रमांक येण्याच्या चार दिवस आधी एका पेशंटची सही घेणार होते, सहकारिणीने फाइल हातातून काढून घेतली.

दुसरी गोष्ट अवघड आहे. मी त्याच पेशंटची थेरपिस्ट आणि मीच संशोधक. संमतिपत्र समजावून सांगत होते, तर एक काका पेन उघडून तयार. "वाचायचं काय त्यात, तुम्ही सांगताय ना? कुठे करू सही?" त्यांना वाटत होतं, नाही म्हटलं तर उपचार थांबतील. 'भाग न घेतल्यास उपचारांवर परिणाम होणार नाही' ही ओळ मी तीनदा वाचली, ते तीनदा हो म्हणाले. तेव्हापासून संमती घ्यायचं काम मी त्यांच्यावर उपचार न करणाऱ्या सहकारिणीकडे दिलं आणि मोजमाप तिसऱ्या व्यक्तीकडे, जिला कोण उपचाराच्या कुठल्या गटात आहे ते माहीत नसे. दोन पेशंटांनी सहकारिणीला शांतपणे नकार दिला. माझ्यासमोर दिला नसता.

गळतीचा हिशेब सॅम्पल ठरवताना धरतात, पण ती कधी होते तेही बघा. बाराव्या आठवड्याची भेट गणपतीत आली की पेशंट कोकणात. मे महिन्यात आली की गावी. मी कॅलेंडर उलटं मांडून भरती ठरवायला लागले तेव्हा लोक परत यायला लागले. मार्च 2020 ला मात्र कुठलंच कॅलेंडर उपयोगी पडलं नाही. नऊ पेशंट अर्ध्यावर होते. त्यातल्या चौघांचं सीओपीएम फोनवर घेतलं, हाताचं मोजमाप गेलं ते गेलंच.

नोकरीच्या ठिकाणचं फार रंगवत नाही. ना-हरकत पत्र पाच महिने एका टेबलावर पडून होतं. नंतर 'ड्युटीच्या वेळेत अभ्यास करते' अशी कुजबुजही झाली. उपाय म्हणून मी अभ्यासाच्या पेशंटची वेळ ड्युटी संपल्यावर ठेवली आणि वेगळं रजिस्टर ठेवून त्यात वेळेनिशी नोंद केली. पुढे चौकशी आली तेव्हा तेच रजिस्टर पुढे केलं. लिखाण पहाटे साडेचार ते सहा. रात्री बसायचा प्रयत्न केला होता. दिवसभर दहा-बारा माणसांचे खांदे-मनगटं हलवल्यावर रात्री टेबल-चार्ट जुळत नाहीत.

आणि संख्याशास्त्रज्ञाला डेटा जमल्यावर गाठू नका, सिनॉप्सिसच्या वेळी गाठा. डेटा घेऊन गेलेल्या माझ्या एका ज्युनियरला त्यांनी एवढंच विचारलं, "आता येऊन मी काय करू?"

2024 मध्ये वायवा (थिसिसवरची तोंडी परीक्षा) झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आकड्यांवर फार छळलं नाही. त्यांना खटकलं ते हे, की माझ्या 60 जणांत घरी जाऊन बघितलेले फक्त 11 होते. बाकीच्यांच्या निऱ्या ओपीडीतच मोजल्या होत्या. बरोबरच होतं ते. पगारात फरक पडलेला नाही. ओपीडीच्या कपाटात पेगबोर्डशेजारी आता एक जुनी सुती साडी, परात आणि सुपलीत अर्धा किलो तांदूळ असतो. तांदूळ दर पंधरा दिवसांनी बदलावा लागतो, किडे होतात. त्याचं बिल कुठल्या हेडखाली टाकायचं, हे स्टोअरवाल्यांशी अजून ठरायचंय.