गावातला खुला नाट्यमहोत्सव: स्वयंसेवकांनो, या चुका टाळा

सिंधुदुर्गातल्या गावात उघड्यावर नाट्यमहोत्सव भरतो तेव्हा बाहेरून आलेले स्वयंसेवक मनापासून राबतात, तरी घोळ होतात. बहुतेक घोळांचं मूळ एकच: बंद नाट्यगृहाच्या सवयी जशाच्या तशा सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आणल्या जातात.

तारीख आधी, विचारणा नंतर

दसरा-दिवाळीच्या सुमारास भातकापणी असते. ती आटपते तोच कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि दशावतार हे लोकनाट्य करणाऱ्या कंपन्यांच्या रात्री पार उन्हाळ्यापर्यंत ठरलेल्या असतात. अनेक जत्रा तर परंपरेने ठरावीक कंपनीकडेच असतात. डिसेंबरचा महोत्सव असेल तर कंपनीच्या मालकांशी गणपतीआधीच बोला आणि त्यांनी दिलेली तारीख धरूनच पत्रिका छापा.

ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला की परवानगीचं काम संपलं असंही समजू नका. मैदान देवळाजवळ असेल तर मानकऱ्यांकडे नारळ घेऊन जा, देवाला गाऱ्हाणं, म्हणजे विनवणी, होऊ द्या. पाणी कोणाच्या विहिरीचं, गाड्या कोणाच्या कुणग्यात (भाताच्या खाचरात) लावायच्या, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्या.

रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. वर्षातल्या मोजक्या, जाहीर केलेल्या दिवशीच 12 पर्यंत सवलत मिळते. पोलीस ठाण्यातून लेखी परवानगी घ्या आणि जास्त वेळ चालणारं नाटक शेवटी न ठेवता आधी ठेवा.

सड्यावर खुंट्या ठोकायला जाणं

जांभ्याच्या कातळात लोखंडी खुंटी जेमतेम चार बोटं जाते आणि पहिल्या वाऱ्याला सुटते. मागचा पडदा ताणायला दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली 200 लिटरची पिंपं ठेवा आणि दोर 45 अंशांत त्यांना बांधा. पडदा खालून घट्ट आवळू नका. वारा अडला की तो शिडासारखा फुगतो आणि बांबूसकट आडवा होतो. खालची कड इलॅस्टिकच्या दोरीने बांधली तर वारा निघून जातो.

अर्थिंगची सळीही कातळात जात नाही. जवळपास मातीचा ओला खड्डा शोधा, नाहीतर आदल्या दिवशी वायरमनकडून मीठ-कोळशाचा खड्डा करून घ्या. दवाने भिजलेल्या रंगमंचावर अर्थिंगशिवाय एकही दिवा लावू नका. यात तडजोड नाही.

दिवे मोजून जनरेटर न घेणं

एक हजार वॅटचे 12 ‘पार’ दिवे (रंगमंचावर झोत टाकणारे) म्हणजे 12 किलोवॅट. 15 केव्हीएचा जनरेटर फार तर तेवढाच भार ओढतो, म्हणजे पेटीचा माइक लावायलाही जागा उरत नाही. 20 केव्हीएचा घ्या, नाहीतर एलईडी दिवे वापरून भार निम्म्याखाली आणा. जनरेटर किमान 30 मीटर लांब, वारा प्रेक्षकांकडून जिकडे वाहतो त्या बाजूला ठेवा.

स्पीकरमधून घुं-घुं आवाज येतो आणि दिवे मंद करताना तो बदलतो? मग ध्वनी आणि डिमर एकाच फेजवर आहेत. ध्वनीला वेगळी फेज द्या आणि माइकच्या वायरी दिव्यांच्या वायरींपासून हातभर लांब न्या. त्या एकमेकींना ओलांडणारच असतील तर काटकोनात ओलांडू द्या.

मध्यरात्रीकडे दव पडतं. ध्वनीच्या मिक्सरवर टाकायला प्लास्टिक हाताशी ठेवा आणि मृदंग प्रयोग सुरू होईपर्यंत चादरीत गुंडाळून आत ठेवा. चामडं ओलसर झालं की सूर उतरतो आणि वादकाला भर प्रयोगात तो चढवत बसावं लागतं.

दशावताराला ‘आयटम’ समजणं

सर्वांत जास्त मनं इथे दुखावतात. ‘पंधरा मिनिटांचा दशावतार करा’ ही मागणीच चुकीची. आधी आडदशावतार हा सुरुवातीचा भाग होतो, त्यात गणपती, सरस्वती, संकासुर येतात, मग आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक कथा, लागतं. वेळ कमीच असेल तर काय गाळायचं ते कंपनीला ठरवू द्या.

एकत्र नवं नाटक बसवायचं असेल तर छापील संहिता हातात ठेवू नका. आख्यान ठरलेलं असतं, संवाद कलाकार जागेवर रचतात. शहरी नट पाठ केलेलं वाक्य संपण्याची वाट पाहत उभा राहतो आणि समोरचा तोपर्यंत भलत्याच दिशेला गेलेला असतो. त्यापेक्षा प्रसंगांची यादी करा, प्रत्येक प्रसंग कुठल्या घटनेवर संपतो एवढं पक्कं करा आणि चार-पाच संध्याकाळी पेटी-मृदंगासह नुसतं बोलून पाहा. भाताची मळणी सुरू असेल तर तालीम आठनंतर. गावातल्या मुलांना फक्त गर्दीत उभं करू नका. गाणं, रंगकाम, दिवे यांपैकी एक पूर्ण जबाबदारी त्यांच्याकडे द्या.

प्रकाशयोजनाकाराने मधेच काळोख करू नये. कलाकाराची नजर पेटीवाल्यावर असते, सूर आणि ताल त्या नजरेवर पकडला जातो. वादकांवर पूर्ण वेळ एक दिवा हवाच. झांजेला माइक देऊ नका, ती आपल्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत जाते.

कंपनीत साधारण 12 ते 15 माणसं असतात आणि रंग ते स्वतःच लावतात. निदान दोन तास आधी खोली उघडून द्या. तिथे पांढरा उजेड, कपडे टांगायला दोरी, पाण्याची बादली आणि रंग उतरवायला खोबरेल हवं. पेटारे रंगमंचामागे उतरतील इतका रस्ता मोकळा ठेवा.

पैसे आणि चित्रीकरण मोघम ठेवणं

‘तुमच्या कलेला व्यासपीठ मिळतंय’ हे मानधनाच्या जागी सांगायचं वाक्य नव्हे. आकडा, प्रवासखर्च आणि जेवण आधी कागदावर घ्या. पैसे प्रयोगाच्या रात्रीच द्या, कारण दुसऱ्या दिवशी कंपनी दुसऱ्या गावात असते. चित्रीकरण होणार असेल तर ते कुठे दाखवणार आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, हे मालकांबरोबर कलाकारांनाही सांगा.