धूलिकण मोजा, पण वासाचीही वही ठेवा
चेंबूरजवळच्या माहूलसारख्या, तेलशुद्धीकरण कारखान्यांना आणि रसायनांच्या टाक्यांना खेटून असलेल्या वस्तीत राहणाऱ्यांनी केवळ धूलिकण मोजणाऱ्या स्वस्त यंत्रावर विसंबू नये, कारण बेंझिनसारख्या रसायनांची वाफ त्याला कळतच नाही, आणि दमट हवेत त्याचे आकडे फुगतात. म्हणून घरात एक वही ठेवावी. उग्र वास येताच तारीख, वेळ, वास रॉकेलसारखा की सडक्या अंड्यांसारखा, डोळे चुरचुरले का, हे तिथल्या तिथे लिहावे. वारा कुठून येत होता ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण उगमाचा माग तिच्यामुळेच लागतो. गच्चीवर बांधलेली साधी रिबीनसुद्धा दिशा दाखवते. थंडीतल्या रात्री आणि पहाटे वारा पडला की दूषित हवा जमिनीलगत साचते, तेव्हाच्या नोंदी चुकवू नयेत. यंत्र असल्यास पीएम २.५ ची (हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांची) चोवीस तासांची सरासरी काढून ती राष्ट्रीय मानकाशी, म्हणजे घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमशी, ताडून पाहावी. क्षणिक उसळीची तुलना या मर्यादेशी करू नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना वहीच्या पानांच्या प्रती जोडाव्यात आणि ज्या वेळी वास येतो त्याच वेळी हवेचे नमुने घेण्याची लेखी मागणी करावी. मूळ वही मात्र स्वतःकडेच ठेवावी.