व्हीसीबी किती झिजला, अजून किती चालेल? हिशेब असा मांडा

जालन्याच्या रोलिंग मिलपासून लातूरच्या साखर कारखान्यापर्यंत प्रश्न एकच: व्हीसीबी, म्हणजे व्हॅक्यूममध्ये करंट तोडणारा सर्किट ब्रेकर, जुना झालाय, बदलायचा का? नुसत्या वयावरून हे ठरत नाही. तो किती वेळा चालला आणि दर वेळी किती करंट तोडला, ते बघा.

आधी पॅनेलवरच्या काउंटरचा आकडा तारखेसह लॉगबुकात उतरवा. मग नेमप्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये यांत्रिक टिकाऊपणाचा क्लास शोधा. एम१ म्हणजे २,०००, एम२ म्हणजे १०,००० ऑपरेशन. भट्टीचा ब्रेकर रोज आठ वेळा चालत असेल, तर एम२चा हा आकडा साडेतीन वर्षांच्या आतच गाठला जातो. तिथे आधी थकते ती ब्रेकर उघडबंद करणारी यंत्रणा.

११ केव्हीच्या गावाकडच्या फीडरवर गणित निराळं. वळवाच्या वादळात फांद्या तारांवर पडतात, ट्रिपवर ट्रिप होतात, म्हणजे ब्रेकर आपोआप उघडत राहतो. यातली प्रत्येक ट्रिप सारखी धरू नका. कॉन्टॅक्टची झीज ढोबळमानाने करंटच्या वर्गाच्या प्रमाणात होते. ब्रेकर २५ केएचा (किलोअँपिअर; तो तोडू शकेल तो कमाल करंट) आहे आणि फॉल्ट, म्हणजे शॉर्टसर्किट, ५ केएचा झाला, तर (५ ÷ २५)² = ०.०४. म्हणजे अशा २५ ट्रिप मिळून एक पूर्ण, म्हणजे २५ केएचा, फॉल्ट. फीडरच्या टोकाला १ केएचा फॉल्ट असेल तर एका पूर्ण फॉल्टला ६२५ ट्रिप लागतात! रिलेच्या (ब्रेकरला ट्रिपचा हुकूम देणाऱ्या उपकरणाच्या) फॉल्ट रेकॉर्डमधून हे आकडे घ्या आणि आर, वाय, बी तिन्ही फेजची बेरीज वेगवेगळी ठेवा. कंपनीच्या तक्त्यात ५० पूर्ण फॉल्ट दिले असतील आणि सगळ्यात झिजलेल्या फेजचे १० खर्च झाले असतील, तर ४० उरले. जुन्या रिलेत रेकॉर्ड नसेल तर प्रत्येक ट्रिप बसच्या (पॅनेलमधल्या मुख्य पट्टीच्या) फॉल्ट लेव्हलची, म्हणजे तिथे होऊ शकेल तेवढ्या मोठ्या फॉल्टची, धरा. हिशेब कडक होतो, पण फसवत नाही.

आता हा कागदावरचा हिशेब प्रत्यक्ष ब्रेकरवर ताडून बघा. पुढच्या चाचण्या परवानाधारक माणसाकडूनच, परमिट घेऊन, लाइन बंद आणि अर्थ करून. १०० अँपिअर डीसी सोडून कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स मोजा. बसवतानाच्या नोंदीशी आणि बाकीच्या पोलशी (फेजशी) तुलना करा. व्हॅक्यूम बाटली सीलबंद असल्याने कॉन्टॅक्ट दिसत नाही, म्हणून ब्रेकर क्लोज ठेवून कॉन्टॅक्टच्या दांड्यावरची झिजेची खूण बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये मर्यादा सुमारे ३ मिमी असते. व्हॅक्यूम टिकून आहे का, ते उघड्या कॉन्टॅक्टवर हायपॉट (उच्च व्होल्टेजची चाचणी) करून कळतं.

वर्षानुवर्षं न चाललेल्या ब्रेकरची मला जास्त काळजी वाटते. उन्हाळ्याच्या तापात आणि जिनिंगच्या धुळीत ग्रीस घट्ट होतं, आणि नेमकी पहिलीच ट्रिप उशिरा होते. टायमिंग टेस्टमध्ये (ब्रेकर उघडायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचणीत) ही पहिलीच ट्रिप नोंदवा. दोन-चार वेळा चालवून मग मोजलं तर ब्रेकर मोकळा झालेला असतो आणि दोष दिसतच नाही.