पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या जुन्या आणि कच्च्या सुविधा: या चुका टाळा

पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते. तेव्हा लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढलेली असते आणि साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाची तयारी चाललेली असते. नेमकं त्याच दिवसांत कुणीतरी आडत दुकानात नवा कॉम्प्युटर आणून ठेवतं, त्यावर सगळ्यात ताजं पायथन टाकतं आणि इतकी वर्षं बिनतक्रार चाललेला, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) काढणारा प्रोग्राम पहिल्याच ओळीला आडवा पडतो. "काल तर चालू होतं की!" असा फोन येतो. काल चालू होतं हे खरंच असतं. पण ती सुविधा जाणार हेही बहुतेक वेळा काही वर्षं आधीपासून जाहीर झालेलं असतं. पायथनच्या धोरणानुसार स्टँडर्ड लायब्ररीतली, म्हणजे भाषेसोबतच येणाऱ्या तयार कोडमधली, गोष्ट काढण्याआधी किमान दोन आवृत्त्या इशारा द्यावा लागतो, आणि प्रत्यक्षात वेळ त्याहून जास्त मिळतो. 'कलेक्शन्स' मॉड्युलमधलं 'मॅपिंग' २०१२ साली ३.३ मध्ये 'कलेक्शन्स डॉट एबीसी'त हलवलं. जुनी वाट बंद झाली ती थेट २०२१ मध्ये, ३.१० आल्यावर. नऊ वर्षं मिळूनही त्या दिवशी असंख्य प्रोग्राम तुटले. इशारा दिला गेला होता, तो आपल्यापर्यंत पोचत नव्हता. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

इशारे सरसकट बंद करणं

डेटा सायन्सची कुठलीही विद्यार्थी-नोटबुक उघडा. पहिल्या चार ओळींत 'वॉर्निंग्ज' मॉड्युल आणून 'फिल्टरवॉर्निंग्ज इग्नोर' केलेलं सापडतंच. व्हिडिओत सरांनी लिहिलं म्हणून आपणही लिहिलं. स्क्रीन स्वच्छ दिसते, पण पुढचं संकट सांगणारी एकमेव जागा आपण स्वतःच्या हाताने बंद केलेली असते. पांडाज या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीच्या डेटाफ्रेममधलं (तक्त्यामधलं) 'अपेंड' असंच गेलं. १.४ पासून ते इशारा देत होतं, २०२३ च्या एप्रिलमध्ये २.० आलं आणि ते काढून टाकलं. ज्यांनी इशारे दाबले होते त्यांना एक दिवस अचानक 'असा अॅट्रिब्यूट नाही' एवढंच दिसलं. ती ओळ काढा. एखादा विशिष्ट इशारा खरोखर नको असेल तर फक्त तेवढाच, त्याच्या प्रकारानिशी आणि मॉड्युलच्या नावानिशी दाबा.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, ती अनेक अनुभवी लोकांनाही माहीत नसते. तुम्ही काहीही बंद केलं नाही तरी पायथन 'डेप्रिकेशनवॉर्निंग' (ही सुविधा पुढे जाणार, असा इशारा) सगळीकडे दाखवत नाही. ३.७ पासून हा इशारा मूळ चालवलेल्या फाइलमधल्या ओळीसाठी दिसतो, तुम्ही इम्पोर्ट केलेल्या मॉड्युलमधल्या ओळीसाठी दिसत नाही. म्हणजे प्रोग्राम नीट विभागून चार फाइलींत लिहिणाऱ्यालाच इशारे कमी दिसतात! म्हणून 'काही इशारा आला नाही' यावरून सगळं ठीक आहे असं धरू नका. प्रोग्राम एकदा कॅपिटल डब्ल्यूच्या पर्यायापुढे 'डीफॉल्ट' लिहून चालवा, किंवा कॅपिटल एक्सच्या पर्यायाने 'डेव्ह' मोडमध्ये चालवा. टेस्ट लिहिलेल्या असतील तर त्या चालवणारं पायटेस्ट हे साधन शेवटी इशाऱ्यांची यादी देतंच. ती यादी न वाचता टर्मिनल बंद करायची सवय मोडा.

उत्साहात एकदम 'डीफॉल्ट'च्या जागी 'एरर' लावू नका. तसं केलं की दुसऱ्यांच्या लायब्ररींतले इशारेही एरर होतात, प्रोग्राम उभाच राहत नाही आणि वैतागून माणूस पुन्हा 'इग्नोर'वर येतो. आधी 'डीफॉल्ट' लावून यादी काढा, आपल्या कोडमधल्या ओळी दुरुस्त करा आणि मग पायटेस्टच्या सेटिंगमध्ये फक्त आपल्या मॉड्युलांसाठी 'एरर' करा.

इशारा ती ओळ प्रत्यक्ष चालली तरच येतो, हेही ध्यानात ठेवा. मार्चअखेरचा ताळेबंद काढणारं फंक्शन वर्षातून एकदाच चालतं. त्यातली जुनी ओळ तुम्हाला ऑक्टोबरमध्ये काहीच सांगणार नाही. अशा कोपऱ्यांसाठी रफसारखं कोड न चालवता तपासणारं साधन वापरा. यूटीसीनाऊ आणि युनिटटेस्टची जुनी नावं ते शोधून देतं.

नाव बदललं की काम झालं असं समजणं

सगळ्यात महाग चूक ही. इशारा आला, त्यात सुचवलेलं नवं नाव कॉपी केलं, प्रोग्राम चालला, विषय संपला. पण जुनी गोष्ट काढून टाकली जाते तेव्हा बऱ्याचदा तिच्या वागण्यातच खोट असते आणि नव्या गोष्टीचं वागणं मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं.

'डेटटाइम'मधलं 'यूटीसीनाऊ' घ्या. पायथन ३.१२ पासून त्यावर इशारा येतो. का? ते वेळ यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) देतं, पण ही वेळ यूटीसीची आहे अशी खूण त्या वेळेवर ठेवत नाही. अशा बिनखुणेच्या वेळेवर 'टाइमस्टँप' मागितला की पायथन ती स्थानिक वेळ समजतं आणि आकडा साडेपाच तासांनी मागे जातो. मोंढ्यात याचा अर्थ काय होतो बघा. सोयाबीनची गाडी १४ तारखेला पहाटे पावणेपाचला आली, आवकेची नोंद झाली. यूटीसीत तेव्हा १३ तारखेचे रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले असतात. नोंद नुसती तारीख कापून छापली तर शेतकऱ्याच्या पट्टीवर आदल्या दिवसाची तारीख येते. भाव रोज बदलत असताना ही किरकोळ बाब नाही. शेतकरी त्या कागदावर विश्वास ठेवून पैसे घेतो.

आता दुरुस्ती. ३.१२ चा इशारा सुचवतो की 'नाऊ'ला 'डेटटाइम डॉट यूटीसी' द्या. हे जसंच्या तसं उतरवलं की दुसरीकडे आग लागते, कारण ते छोटं नाव ३.११ मध्ये आलं. आपल्याकडे तालुक्याच्या दुकानांत विंडोज ७ ची यंत्रं अजून चालू आहेत आणि विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८ आहे. नव्या यंत्रावर दुरुस्त झालेला प्रोग्राम तिथे बंद पडतो. 'टाइमझोन डॉट यूटीसी' लिहा. अर्थ तोच, आणि ते जुन्या-नव्या दोन्हींवर चालतं. भारतीय वेळ दाखवायला 'झोनइन्फो'चीही गरज नाही. ते ३.९ मध्ये आलं आणि विंडोजवर त्याला 'टीझेडडेटा' वेगळं टाकावं लागतं. आपल्याकडे घड्याळ उन्हाळ्यात पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे साडेपाच तासांचा फरक देऊन एक टाइमझोन बनवला की पुरतं.

पुढचा अडथळा जुन्या नोंदींचा. डेटाबेसमधून आलेली वेळ बिनखुणेची आणि नवी वेळ खूण असलेली. दोघींची लहान-मोठी तुलना केली किंवा वजाबाकी केली की 'टाइपएरर' येतो. हा एरर तरी बरा, दिसतो. बरोबरीची तुलना केली तर एरर येत नाही, उत्तर गुपचूप 'फॉल्स' येतं. 'ही नोंद आधीच आहे का' हे वेळेच्या बरोबरीवरून तपासत असाल तर प्रत्येक नोंद नवीच ठरेल आणि एकच पट्टी दोनदा चढेल. एसक्यूलाइट डेटाबेस वापरत असाल तर आणखी एक पेच आहे. वेळ आपोआप साठवणारे आणि वाचणारे त्याचे तयार अॅडॉप्टर ३.१२ पासून स्वतःच डेप्रिकेटेड आहेत, आणि वाचताना ते यूटीसीची खूण सोडून देतात.

म्हणून दुरुस्ती दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात 'आत्ताची वेळ' देणारं एकच छोटं फंक्शन लिहा आणि सगळा प्रोग्राम त्यालाच विचारू द्या. आत नवी पद्धत वापरा, पण शेवटी 'रिप्लेस'ने टाइमझोनची खूण काढून टाका. वागणं हुबेहूब जुनं राहतं, इशारा जातो आणि हंगामात काही तुटत नाही. दुसऱ्या टप्प्यात, निवांत दिवसांत, जुन्या नोंदींना खूण लावा आणि मग त्या फंक्शनमधलं 'रिप्लेस' काढा. चाळीस ठिकाणी शोधा-बदला करणाऱ्याला हा दुसरा टप्पा कधीच जमत नाही.

हाच प्रकार 'सीजीआय डॉट एस्केप'चा. ते ३.८ मध्ये गेलं आणि त्याच्या जागी 'एचटीएमएल डॉट एस्केप' वापरायचं असतं. जुनं फंक्शन अवतरण चिन्हांना हात लावत नव्हतं, नवं आपणहून दोन्ही प्रकारची अवतरणं बदलतं. नवं वागणं जास्त सुरक्षित आहे. मात्र 'एस्केप'नंतर हातानं अवतरणं बदलणारी ओळ तुमच्या कोडमध्ये असेल तर तिला आता काही काम उरत नाही, ती काढून टाका.

मॉड्युल सापडत नाही म्हणून जुनं पायथन परत टाकणं

'डिस्टयूटिल्स सापडत नाही' असा एरर आला तर तुम्ही ३.१२ किंवा त्यापुढे आहात. उबुंटू २२.०४ सोबत ३.१० येत होतं, २४.०४ सोबत ३.१२ येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू बदललं की हा एरर हमखास दिसतो. तात्पुरता उपाय 'सेटअपटूल्स' टाकण्याचा, त्यात डिस्टयूटिल्सची प्रत आहे. ३.१२ पासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) सेटअपटूल्स आपोआप येत नाही, म्हणून ते हातानं टाकावं लागतं. आवृत्त्यांची तुलना करायला डिस्टयूटिल्स वापरत असाल तर 'पॅकेजिंग' लायब्ररीकडे जा.

३.१३ मध्ये तर एकदम १९ मॉड्युलं गेली. ती यादी पेप ५९४ या पायथनच्या अधिकृत प्रस्तावात आहे. आपल्याकडे टोचणारी त्यातली दोन. एक 'सीजीआय': जुन्या प्रोजेक्टांमधले फॉर्म अजून त्यावर चालतात. तिथे फ्लास्कसारखं काही घ्या, ठिगळ लावत बसू नका. दुसरं 'टेलनेटलिब': वजनकाट्याचा इंडिकेटर नेटवर्कवर जोडला की त्यावरचा आकडा वाचायला हे सर्रास वापरलं गेलं. बहुतेक काटे साधा टीसीपी मजकूर पाठवतात आणि त्यांना 'सॉकेट' मॉड्युल पुरतं. पण आधी आलेले बाइट छापून बघा. त्यात २५५ या किमतीचे बाइट दिसले तर समोरचं यंत्र खरंखुरं टेलनेट बोलतंय. टेलनेटलिब ते बोलणं परस्पर निपटत होतं, नुसतं सॉकेट ते करणार नाही आणि वजनाच्या आकड्यात घाण मिसळेल. अशा वेळी टेलनेट जाणणारी वेगळी लायब्ररी घ्या.

आवृत्ती चुकीच्या पद्धतीनं तपासणं

जुन्या-नव्या दोन्ही यंत्रांसाठी एकच कोड ठेवायचा तर कुठेतरी आवृत्ती पाहावी लागते. ती मजकूर म्हणून पाहू नका. मजकुरात '३.१०' हे '३.९'पेक्षा लहान ठरतं. 'सिस'मधल्या 'व्हर्जन इन्फो'ची तुलना आकड्यांच्या जोडीशी करा. इम्पोर्ट करताना आधी नवी जागा, ती नसेल तरच जुनी, असा क्रम ठेवा. आणि नुसतं 'एक्सेप्ट' कधीच लिहू नका. 'इम्पोर्टएरर' असं स्पष्ट लिहा, नाहीतर त्या मॉड्युलमधली खरी चूकही गिळली जाईल.

कच्च्या सुविधेवर पक्कं काम उभारणं

जाणाऱ्या सुविधांबद्दल निदान बोललं तरी जातं. नव्याने येणाऱ्या, अजून न ठरलेल्या सुविधांचा धोका मुलांना कुणी सांगतच नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. जावाच्या २१ व्या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये, स्ट्रिंग टेम्प्लेट्स (मजकुरात किमती भरायची सोय) प्रीव्ह्यू म्हणून, म्हणजे चाचणीपुरते, आले. २२ मध्ये पुन्हा आले. २३ मध्ये काढूनच घेतले, कारण रचना पटली नाही. 'प्रीव्ह्यू'मध्ये आलं म्हणजे पुढच्या वर्षी पक्कं होणार असं धरून प्रोजेक्ट लिहिणाऱ्यांना सगळं बदलावं लागलं. शिवाय प्रीव्ह्यू चालू करून २१ वर कम्पाइल केलेली फाइल २२ वर चालतच नाही, मग सुविधा तीच असली तरी. लॅबमध्ये एक जेडीके (जावाचा संच) आणि परीक्षेच्या यंत्रावर दुसरा असेल तर एवढं कारण पुरतं.

रस्टमध्ये हे दार जास्त कडक आहे. अस्थिर सुविधा फक्त नाइटली (रोज रात्री बनणाऱ्या, प्रायोगिक) कम्पायलरवर उघडते, स्टेबलवर मागितली तर ई०५५४ हा एरर येतो. 'रस्टसी बूटस्ट्रॅप' नावाचा पर्यावरण-चल लावून तो टाळता येतो असं कुठेतरी वाचाल. ते लावू नका. नाइटली लागतच असेल तर 'रस्ट-टूलचेन' फाइलमध्ये तारखेसकट एक ठराविक नाइटली लिहून ठेवा आणि ती सुविधा वापरणारा कोड एकाच मॉड्युलमध्ये कोंडा.

पायथनमध्येही असं असतं. असिंकआयओ हे मॉड्युल ३.४ मध्ये तात्पुरतं म्हणून आलं आणि ३.६ मध्ये पक्कं झालं. मधल्या काळात त्याच्यावर लिहिलेला कोड सतत डागडुजी मागत होता. ३.१३ मधल्या जिटकडे (कोड चालतानाच यंत्रभाषेत बदलणाऱ्या प्रायोगिक सोयीकडे) तसंच पाहा: घरी करून बघा, मोजमाप घ्या, गिऱ्हाइकाच्या यंत्रावर नको.

हंगामात आवृत्ती बदलणं

ऑक्टोबरला आलेलं पायथन ऑक्टोबरलाच दुकानात टाकू नका. त्याचा बीटा त्या वर्षीच्या मे महिन्यातच मिळतो. आपल्या टेस्ट त्यावर तेव्हाच चालवा आणि काय तुटतंय ते लिहून ठेवा. प्रत्यक्ष बदल पुढच्या जून-जुलैत करा. तोवर त्या आवृत्तीच्या अनेक दुरुस्त्या येऊन गेलेल्या असतात, सोयाबीन-तुरीची गर्दी ओसरलेली असते आणि गाळपही संपलेलं असतं. काही बिघडलं तर दुरुस्त करायला दिवस मिळतात. तोपर्यंत प्रोजेक्टच्या फाइलमध्ये 'रिक्वायर्स पायथन' खालच्या आणि वरच्या मर्यादेसकट लिहून ठेवा.

आपल्याच लायब्ररीत मुकाट बदल करणं

दोन-चार दुकानांसाठी सामायिक मॉड्युल लिहिलं असेल तर तुम्हीही लायब्ररीकारच आहात. हमाली-तोलाई काढणारं फंक्शन एका रात्रीत बदलू नका. जुनं नाव ठेवा, आतून नव्याला बोलवा आणि 'वॉर्न' करा. तिथे 'स्टॅकलेव्हल' २ द्यायला विसरू नका. ते नसेल तर इशारा तुमच्याच फाइलमधली ओळ दाखवतो, आणि वापरणाऱ्याला आपल्या कोडमध्ये नेमकं कुठे बदलायचं ते कळत नाही. इशाऱ्यात तीन गोष्टी असू द्या: काय जाणार, त्याऐवजी काय वापरायचं आणि कोणत्या आवृत्तीत ते जाणार. ३.१३ पासून 'वॉर्निंग्ज'मध्ये 'डेप्रिकेटेड' नावाचा डेकोरेटर आहे. जुन्या पायथनसाठी तोच 'टायपिंग एक्स्टेन्शन्स'मधून मिळतो. तो लावला की पायराइटसारखी कोड तपासणारी साधनं वापरणाऱ्याला कोड लिहितानाच जुनं नाव दाखवून देतात.