गायो पठारावरची ओली सोलणी: कॉफीचं फळ तोडल्यापासून पोतं शिवेपर्यंत

सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे प्रांत आहे. त्याच्या मधोमध, तकेंगोन शहर आणि लाउत तावार तलावाच्या भोवती, गायो लोकांची डोंगराळ वस्ती पसरली आहे. आचे तेंगाह आणि बेनेर मेरियाह या दोन जिल्ह्यांतली बहुतेक गावं १,००० ते १,६०० मीटर उंचीवर आहेत आणि जवळपास प्रत्येक घराची थोडीफार अरेबिका कॉफीची बाग असते. या कॉफीला इंडोनेशियात २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, युरोपीय संघात २०१७ मध्ये. पण तिची खरी ओळख ठरते ती 'गिलिंग बासाह', म्हणजे ओल्या सोलणीच्या पद्धतीमुळे. ही पद्धत नेमकी कशी करायची आणि कुठे फसते, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी मूळ फरक. जगात बहुतेक ठिकाणी धुतलेली कॉफी टरफलासकट (म्हणजे फळाच्या सालीखाली, दाण्याभोवती असलेल्या आवरणासकट) ११-१२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात आणि मगच सोलतात. गायोत ती ३० ते ४० टक्के ओल असतानाच सोलतात आणि उघडा दाणा वाळवतात. कारण सरळ आहे. दुपार झाली की ढग भरून येतात आणि पाऊस कधी सुरू होईल याचा नेम नसतो. टरफलातला दाणा अशा हवेत पूर्ण वाळायला दोन-तीन आठवडे घेतो. टरफल काढलं की तेच काम काही दिवसांत होतं. शिवाय शेतकऱ्याला अर्धवट वाळलेला माल विकून लगेच रोख मिळते. बदल्यात जोखीम पत्करावी लागते: दाणा मऊ आणि उघडा असतानाच तो यंत्रातून जातो, ऊन-पाऊस, धूळ, बुरशी सगळं थेट अंगावर घेतो. म्हणून या पद्धतीत सगळं कौशल्य कुठल्या टप्प्यावर किती ओल हवी, यात आहे.

तोडणी

मुख्य हंगाम साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर-जानेवारी, आणि त्यानंतर मार्च ते मेच्या आसपास दुसरा. फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे त्याच झाडावर दर १०-१४ दिवसांनी फेरी मारावी लागते. फक्त पूर्ण लाल फळ घ्यायचं आणि ते पिळून, देठ फांदीवरच ठेवून तोडायचं. मूठ धरून फांदी ओरबाडली तर पुढच्या बहराचे डोळे जातात, आणि हिरवी फळं टोपलीत येतात ती वेगळीच. हिरव्या फळाची साल पल्परमध्ये, म्हणजे साल काढायच्या यंत्रात, नीट सुटत नाही, दाणा चिरडतो, आणि भाजल्यावर असा दाणा फिकट राहून चव तुरट करतो.

झाडावर राहिलेली काळी, सुकलेली आणि खाली पडलेली फळंही गोळा करा, पण वेगळ्या पिशवीत. फळ पोखरणारा भुंगेरा त्यांच्यातच मुक्काम करतो आणि पुढच्या बहरावर चढतो. ती उकळत्या पाण्यातून काढा किंवा खोल पुरा. बागेच्या कडेला ढीग करून ठेवलात तर सगळी मेहनत वाया.

घरी आणल्यावर फळं पाण्याच्या टबात ओता. तरंगतात ती पोकळ, किडकी किंवा अर्धवट भरलेली. ती काढून वेगळी वाळवा आणि हलक्या प्रतीत विका. बुडालेल्या मालात ती मिसळली तर पुढे गोदामात हाताने वेचून काढावी लागतात, आणि त्या मजुरीचा हिशेब शेवटी तुमच्या भावातूनच होतो.

साल काढणे

तोडलेलं फळ त्याच दिवशी, सहा-आठ तासांच्या आत पल्परमधून काढायचं. रात्रभर पोत्यात राहिलेलं फळ आतून तापतं आणि आंबायला लागतं, ते नंतर सुधारता येत नाही. गावात हाताने फिरवायचं ड्रमचं यंत्र सर्रास दिसतं: उंचवटे असलेला पत्र्याचा ड्रम, समोर पट्टी, आणि त्या दोहोंमधली फट स्क्रूने कमीजास्त करता येते.

ही फट हा इथला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. सुरुवातीला किलोभर फळं घालून पाहा. टरफलाला चीर पडलेले किंवा तुटलेले दाणे दिसले तर फट घट्ट आहे. अख्खी फळं खाली येत असतील किंवा दाण्यांत सालींचा गाळ जास्त असेल तर ती सैल आहे. अडचण अशी की एकाच बागेत अनेकदा दोन-तीन वाण असतात. तिमतिम हा अरेबिका आणि रोबस्टाच्या नैसर्गिक संकरातून आलेला तिमोर बेटावरचा वाण. आतेंग हा ठेंगणा, त्याच रक्ताचा. त्यांच्या फळांचा आकार सारखा नसतो. अशा वेळी फट मोठ्या फळाला सोयीची ठेवा, न सोललेली लहान फळं चाळणीने वेगळी करा आणि फट थोडी आवळून पुन्हा घाला. एकाच फेरीत सगळं उरकायच्या नादात दाणे चिरतात. चिरलेल्या दाण्यात आंबवणीच्या वेळी पाणी आणि जंतू शिरतात, आणि गोदामातला काळा दाणा बहुतेक वेळा इथेच जन्माला आलेला असतो.

काम झालं की ड्रम धुऊन पुसून ठेवा. खाचेत अडकलेला कालचा एखादा दाणा आजच्या घाण्यात पडला, तर आंबूस वासासाठी तो पुरेसा आहे.

आंबवणे आणि धुणे

साल गेली तरी टरफलावर बुळबुळीत चीक राहतो. दाणे प्लास्टिकच्या टबात किंवा टाकीत भरून, वरून झाकून रात्रभर ठेवा. पाणी न घालता ठेवलं तर चीक लवकर सुटतो. साधारण १२ ते १८ तास लागतात. १,५०० मीटरच्या वरच्या गावात थंड रात्री २४ तासही लागू शकतात. त्यामुळे घड्याळापेक्षा हातावर विश्वास ठेवा: मूठभर दाणे थोड्या पाण्यात चोळा. घसरत असतील तर वेळ आहे. वाळूसारखे खरखरीत लागले आणि आवाज करू लागले की लगेच धुवायला घ्या.

लवकर धुतलं तर चीक टरफलाला चिकटून वाळतो आणि त्यावर बुरशी धरते. उशीर झाला तर व्हिनेगरसारखा वास दाण्यात मुरतो. आजचे दाणे कालच्या टबात टाकण्याची सवय मात्र पूर्ण बंद करा. त्यात निम्मा माल कच्चा राहतो, निम्मा उतरतो, आणि दोन्ही एकाच पोत्यात जातात.

स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा, वर येणारे हलके दाणे पुन्हा काढा. चिकाचं पाणी आंबट असतं, ते ओढ्यात किंवा तलावाकडे जाणाऱ्या चरात सोडू नका, शोषखड्डा करा. साली कुजवून झाडाच्या बुंध्याशी घालता येतात. ताज्या घातल्या तर तापतात आणि माशा आणतात.

पहिलं ऊन

आता हातात 'गाबाह' आहे, म्हणजे टरफलातला ओला दाणा. तो ताडपत्रीवर किंवा जाळीच्या मांडवावर तीन-चार सेंटिमीटर थराने पसरा आणि अर्ध्या तासाने हलवत राहा. उद्देश फक्त वरचं पाणी उडवण्याचा आहे. काही तासांचं चांगलं ऊन त्याला पुरतं. ढगाळ असेल तर एक दिवस. उघड्या मातीवर पसरलेल्या कॉफीला मातकट वास लागतो, आणि तो सुमात्राच्या कॉफीचा 'स्वभाव' म्हणून खपवणारेही आहेत. तो मुख्यतः निष्काळजीपणा आहे. जमिनीपासून हातभर उंच मांडव केला तर कोंबड्या आणि कुत्र्यांचाही प्रश्न मिटतो.

ऊन मिळालंच नाही तर? दाणे पोत्यात कोंबू नका. ओला गाबाह बंद पोत्यात एक रात्र राहिला की मध्यभागी हात घालून बघा, ऊब लागते. घरातल्या फरशीवर पातळ पसरून, हवा खेळती ठेवून वेळ काढा.

विक्रीतला ओलाव्याचा हिशेब

बहुतेक शेतकरी या टप्प्यावर माल गावातल्या तोकेला, म्हणजे खरेदीदाराला, विकून मोकळे होतात. तोके मूठभर दाणे हातात घेतो, एक दाताखाली धरतो आणि भाव सांगतो. त्याचा अंदाज बहुधा बरोबर असतो, पण तुम्हालाही हिशेब यायला हवा. टरफल काढलेला १०० किलो दाणा धरा. ओल ४० टक्के असेल तर त्यात कोरडा माल ६० किलो. अंतिम ओल १२.५ टक्के हवी, म्हणून ६० ला ०.८७५ ने भागा: ६८.६ किलो विक्रीयोग्य कॉफी. ओल ३५ टक्के असेल तर ६५ भागिले ०.८७५, म्हणजे ७४.३ किलो. फक्त पाच टक्के ओलीच्या अंदाजात शंभर किलोमागे जवळपास पावणेसहा किलोचा फरक पडतो. चांगलं वाळवून आणलेल्या गाबाहला ओल्याच्याच मापाने भाव मिळत असेल तर तुम्ही पाण्याच्या दराने कॉफी विकताय. आणि माप वजनाऐवजी आकारमानाचं असेल (आचेमध्ये 'बांबू' नावाचं माप चालतं) तर ओलीचा हा फरक आणखी लपतो. शक्य तिथे काट्यावर मोजा.

हातातले ओलावामापक यंत्र इतक्या ओल्या दाण्यावर भरवशाचं नसतं, ते वाळलेल्या कॉफीसाठी असतं. नक्की आकडा हवा असेल तर वजन केलेला नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर १६ तास ठेवून पुन्हा तोला.

ओली सोलणी

भाताच्या गिरणीत असतो तसाच हलर, म्हणजे टरफल काढायचं यंत्र, इथे असतो, पण इंजिन बरंच ताकदीचं लागतं. वाळलेल्या दाण्यावर टरफल सुटं झालेलं असतं. ओल्या दाण्यावर ते अंगाला चिकटलेलं असतं आणि घासूनच काढावं लागतं. म्हणून सोलण्याआधी गाबाह पुन्हा तास-दोन तास उन्हात घाला: आत ओल, पण टरफल वरून कोरडं आणि कुरकुरीत. वरून ओला माल घातला तर टरफलाचा लगदा होऊन जाळी बुजते आणि यंत्र गरम होतं.

माल सलग आणि एकसारखा सोडा. दाब जास्त झाला की मऊ दाण्याचं टोक चिमटल्यासारखं फाटतं. या फाटक्या दाण्याला तिथे 'कुकू कांबिंग', म्हणजे बकरीचं नख, म्हणतात, कारण तो खुरासारखा दुभंगलेला दिसतो. थोडे असे दाणे या पद्धतीत येणारच. पण मूठभर नमुन्यात ते पटकन नजरेत भरू लागले तर यंत्र थांबवा, दाब कमी करा, आणि माल फार ओला तर नाही ना ते पाहा.

यंत्रातून पडतो तो 'लाबू': फुगलेला, निळसर हिरवा, बोटाने दाबला तर वळणारा दाणा. तो कोमट असतो. पोत्यात भरून 'उद्या पसरू' म्हणणं ही इथली सगळ्यात महाग चूक आहे. हलरपाशीच ताडपत्री तयार ठेवा.

शेवटचं वाळवण

लाबूचा थर दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा आणि पहिल्या दिवशी सतत फिरवा. चांगलं ऊन असेल तर दोन ते चार दिवसांत काम होतं. प्लास्टिकच्या छताखाली, दोन्ही टोकं उघडी ठेवलेल्या बोगद्यात वाळवलं तर पावसाची धास्ती जाते; टोकं बंद ठेवली तर आत वाफ कोंडते आणि वाळवण उलट लांबतं. एकदा वाळत आलेला दाणा पुन्हा भिजला तर रंग चट्ट्याचट्ट्याचा होतो आणि कुबट वास राहतो. म्हणून दुपारी आभाळ पाहत बसण्यापेक्षा ठरल्या वेळी गोळा करून झाका.

किती वाळलं ते वजनावरून कळतं. सुरुवातीला एक किलो लाबू जाळीच्या पिशवीत बांधून बाकी मालाबरोबरच ठेवा. ओल ४० टक्के होती तर ती पिशवी ६८६ ग्रॅमवर आली की १२.५ टक्के झाले. अनेक संकलक १६-१८ टक्क्यांवरच माल पुढे पाठवतात, त्याला 'असालान' म्हणतात, आणि निर्यातदार तो पुन्हा वाळवतो. या अवस्थेत तो आठवडाभर गोदामात पडून राहिला तर बुरशी ठरलेली.

निवड आणि साठवण

इंडोनेशियाच्या राष्ट्रीय मानकात ३०० ग्रॅम नमुन्यातले दोष मोजतात. पहिल्या प्रतीसाठी दोषांची बेरीज जास्तीत जास्त ११, दुसऱ्यासाठी १२ ते २५, आणि ओल १२.५ टक्क्यांच्या आत. काळा, किडका, तुटका, खडा, सालीचा तुकडा, प्रत्येकाला वेगळे गुण आहेत. एक अख्खा काळा दाणा पूर्ण एक गुण खातो. हाताने वेचण्याचं हे काम गोदामांत मुख्यतः बायका करतात.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. जवळ डिझेल, खत किंवा मसाल्याची पोती नकोत, कॉफी वास ओढते. डोंगरात हवा दमट असल्याने तागाच्या पोत्यातला माल पुन्हा ओल पकडतो. महिन्याहून जास्त ठेवायचा असेल तर आत हवाबंद प्लास्टिकची पिशवी घाला, पण माल १२.५ टक्क्यांच्या खाली उतरला असेल तरच. त्याहून ओला माल हवाबंद केला तर तो आतच सडेल.