रेडियन, लूम आणि डोमेन-रेंज: अकरावीच्या पोरांसाठी

अकरावीच्या गणितात कोनमापनाचा धडा अगदी पहिला. फंक्शन भेटतं ते थेट पुस्तकाच्या दुसऱ्या भागात. मधे दिवाळी होते, रेडियन डोक्यातून उतरतो, आणि साइनचं डोमेन (आत कुठले कोन चालतात ते) विचारलं की उत्तर येतं "0 ते 360". म्हणून सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या क्लासात मी दोन्ही एका दमात घेतो.

रेडियन आधी हाताने मोजा. घरातलं गोल ताट घ्या. मध्यापासून काठापर्यंत सुतळी ताणा, तेवढाच तुकडा कापा आणि काठावर वळवून ठेवा. दोन्ही टोकांना खडूने खूण करून मध्यापर्यंत रेघा ओढा. मधला कोन एक रेडियन, अंशांत साधारण 57.3. तोच तुकडा काठाने पुढे सरकवत गेलात तर सहा वेळा पूर्ण बसतो आणि पाव तुकड्याहून जरा जास्त जागा उरते. 6.283, म्हणजे 2 पाय (2π). ताट बदलून परात घ्या, आकडा हाच. (हे नाव छापून आलं तेच मुळी परीक्षेच्या पेपरात: 1873, बेलफास्ट, जेम्स थॉमसन.) अंशांचे रेडियन करायचे तर पाय भागिले 180 ने गुणा, त्यात जास्त काही नाही.

मोबाइलवर साइन 30 टाकून बघा. 0.5 आलं तर कॅल्क्युलेटर अंशांत आहे, उणे 0.988 आलं तर रेडियनमध्ये.

आता एवढा खटाटोप कशाला? चादरीच्या लूमवर विणलेलं कापड रोलरवर गुंडाळलं जातं. रोलरची त्रिज्या 5 इंच धरा, चादर 90 इंच लांब. रोलर किती फिरला? 90 भागिले 5, 18 रेडियन. संपलं. अंशांत हवं असेल तर 57.3 ने गुणत बसा: 1031, पावणेतीन फेऱ्यांहून थोडं जास्त. थर चढले की त्रिज्या वाढते, हे लूमवाल्यांच्या घरातली पोरं लगेच सुनावतात. खरं आहे, इथे आपण ती जाडी सोडून दिली आहे.

"काय बे, 360 च्या पुढं कोन असतो व्हय?" हे मागच्या बाकावरून येतंच. असतो की. लूमचा क्रँकशाफ्ट थांबतो का 360 ला? त्याच्या प्रत्येक फेरीला फणी (आडवा धागा ठोकून बसवणारी) एक ठोका देते, तेवढ्या वेळात खालचा बॉटम शाफ्ट अर्धीच फेरी मारतो. क्रँकचे 2 पाय, तर बॉटमचा 1 पाय. चाक हाताने उलटं फिरवलं तर कोन ऋण.

क्रँकची त्रिज्या 7 सेंटिमीटर धरली तर फणीची जागा साधारण 7 गुणिले कोसाइन(कोन). कनेक्टिंग रॉडमुळे तंतोतंत कोसाइन नसते, पण आपलं काम भागतं. आत कुठला कोन चालेल? कुठलाही: सुलटा, उलटा, हजार फेऱ्यांचा. म्हणून डोमेन सगळ्या वास्तव संख्या. बाहेर काय येईल? मोटर दिवसभर चालवा, उणे 7 ते 7 च्या बाहेर काही नाही. ती रेंज.

टॅनला मात्र अशी मोकळीक नाही. तिथे छेदात कोसाइन बसलाय, आणि पाय/2 च्या विषम पटींना तो शून्य होतो. तेवढे कोन डोमेनमधून काढा.

इतर फंक्शनचं डोमेन काढतानाही हीच नजर ठेवा: छेद शून्य होतोय का, वर्गमुळात ऋण जातंय का, लॉगमध्ये शून्य किंवा ऋण येतंय का. जे क्ष अडवतात ते बाहेर.

रेंजला पोरं खरी अडखळतात. य = (2क्ष + 1)/(क्ष − 3) घ्या. डोमेनमधून 3 गेला. आता क्ष एकटा करा: य(क्ष − 3) = 2क्ष + 1, म्हणून क्ष = (3य + 1)/(य − 2). इथे य ला 2 होता येत नाही. रेंज: 2 सोडून सगळ्या वास्तव संख्या.

हीच रीत य = √(9 − क्ष²) ला डोळे झाकून लावू नका. वर्ग केला की क्ष² = 9 − य², आणि य उणे 3 ते 3 असं दिसतं. पण वर्गमुळाचं चिन्ह कधी ऋण उत्तर देत नाही. वर्ग करताना ते ऋण य चोरवाटेने आत आले. डोमेन उणे 3 ते 3, रेंज फक्त 0 ते 3.